पाणी अडविणाऱ्या हातांचा सन्मान

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विहार समितीने आज आम्हाला एक विषय दिला आहे. आपल्या भागात पाणलोट जपणारी जी माणसे आहेत, जी मंडळे आणि बचत गट आहेत, त्यांचा गौरव कसा करावा, यावर दोन शब्द बोला, असे समितीचे म्हणणे आहे. विषय ऐकून आम्हाला आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. आनंद यासाठी, की विहाराच्या वर्धापनदिनी पाण्याची आठवण झाली. धास्ती यासाठी, की सत्कार ही गोष्ट आपल्याकडे फार स्वस्त झाली आहे. शाल, श्रीफळ, फोटो, टाळ्या आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. ती शाल बहुतेक वेळा त्याच दोन-चार खांद्यांवर पडते. ज्यांच्या डोक्यावर मातीचे टोपले होते, ती माणसे सतरंजीवर शेवटी बसून टाळ्या वाजवितात. म्हणून सत्कार करू नका, असे आम्ही म्हणणार नाही. जरूर करा. पण कुणाचा, कशासाठी आणि कोणत्या रीतीने, हे आधी ठरवू या.

प्रथम पाणलोट म्हणजे काय ते समजून घेऊ. शब्द सरकारी वाटतो, पण गोष्ट घरातली आहे. आपल्या पत्र्याच्या छपरावर पाऊस पडतो. आढ्यावरून ते पाणी दोन्ही अंगांनी खाली येते आणि वळचणीला गळते. वळचणीखाली ज्याची टाकी असेल, त्याला पाणी मिळते. गावाचेही तसेच आहे. वरचा माळ म्हणजे आढे, मधले उताराचे बरड रान म्हणजे पत्रा आणि खालच्या काळ्या जमिनी, नदीकाठची वावरे म्हणजे वळचण. ज्या रानावर पडलेले पाणी एकाच ओढ्याला मिळते, ते सगळे रान त्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र. आपल्या हिंगोलीची कयाधू बघा. ती वाशीम जिल्ह्यात रिसोड तालुक्यात उगम पावते, सेनगाव, हिंगोली, कळमनुरी या तालुक्यांतून वाहते आणि पुढे नांदेड जिल्ह्यात पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेला आणि प्राणहिता गोदावरीला. म्हणजे सेनगावच्या एखाद्या माळावर एखाद्या बाईने खोदलेल्या चराचा संबंध थेट गोदावरीशी आहे.

आपल्या जिल्ह्यात पाऊस काही अगदीच कमी पडत नाही. सरासरी आठशे-नऊशे मिलिमीटरच्या घरात पडतो. हिशेब करून बघा. एका एकरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर चाळीस हजार लिटर पाणी होते. दहा हजार लिटरचे चार टँकर! आणि आपल्याकडे एकेका रात्री पाच-सात सेंटिमीटर कोसळतो. मग मार्च-एप्रिलमध्ये घागरी घेऊन आपल्या लेकी-सुना का फिरतात? कारण आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी सहजी मुरत नाही. पाणी राहते ते वरच्या मातीत, मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. ही जागा थोडी आणि पाऊस धावणारा. त्याला माळावरच थांबविले नाही, तर तो माती घेऊन निघून जातो आणि खालचा बंधारा गाळाने भरतो. म्हणून जाणकार सांगतात की काम माथ्यापासून पायथ्याकडे करा. आधी माळावर समतल चर, दोन फूट रुंद आणि एक फूट खोल. मग ओघळींत दगडी बांध, मग नाल्यावर मातीचे बांध आणि सर्वांत शेवटी पायथ्याला सिमेंटचा बंधारा. उद्घाटन होते ते बहुतेक या शेवटच्या बंधाऱ्याचे. माथ्यावरच्या चराला कुणी फीत कापत नाही.

आता आम्ही विचारतो, हा माथा कुणाचा? मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत काळी जमीन खाली आणि बरड, गायरान वर. काळी जमीन वतनदारांची, जुन्या कास्तकारांची. आपल्या माणसांच्या वाट्याला आले ते बहुतांशी गायरान. तेही कुणी ताटात वाढून दिले नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, लाखो माणसे तुरुंगात गेली, तेव्हा कुठे पडीक जमिनीचा प्रश्न सरकारच्या दारात गेला. माळावर शेळ्या राखणारे, जळण वेचणारे, दगड फोडणारे लोकही तेच. म्हणजे पाणलोटाचे आढे ज्यांच्या हाती आहे, त्यांच्या हाती वळचण नाही. पाणी अडविण्याचे कष्ट वर होतात आणि पाणी दिसते खाली. आजच्या आमच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा हाच आहे.

एक घरची गोष्ट सांगतो. १९७२ चा दुष्काळ इथल्या जुन्या माणसांना आठवत असेल. मिलोचे पीठ, खडीची कामे, कोरड्या पडलेल्या विहिरी. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली. तिच्यामागे वि. स. पागे यांचा विचार होता. १९७७ साली कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ साली केंद्राने देशासाठी कायदा केला, त्याचे मूळ आपल्या महाराष्ट्रात आहे. आमची माय या कामावर होती. आमच्या गावच्या वरच्या अंगाला पाझर तलाव झाला, त्याच्या भिंतीची माती तिने डोक्यावरून वाहिली. आम्ही भावंडे दुपारी भाकरी घेऊन कामावर जायचो. माय टोपले खाली ठेवायची, चुंबळ काढायची आणि आमच्याकडे न बघता आधी घटाघटा पाणी प्यायची. मस्टरवर तिचे नाव एकदाही धड लागले नाही. कधी बापाचे नाव, कधी नुसते 'अमक्याची बायको'.

तलाव झाला. पहिल्याच चांगल्या पावसाळ्यात भरला. खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर लागला, जिथे एक पीक यायचे तिथे दोन येऊ लागली. आनंदाची गोष्ट होती. पण आमची वस्ती होती तलावाच्या वर, बरडावर. पाणी काही उलटे वर चढत नाही. वस्तीच्या विहिरीला थेंब वाढला नाही. उन्हाळ्यात माय घागर घेऊन खाली जायची. जी विहीर तिने वाहिलेल्या मातीमुळे जिवंत झाली होती, त्याच विहिरीवर ती उभी राहायची. काठावर चढायचे नाही. कुणाला दया आली तर तो वरून घागरीत ओतायचा. माय म्हणायची, "तळं आम्ही खांदलं, पाणी त्याहीचं झालं." ती रागावून नाही बोलायची. ऊन आहे, थंडी आहे, तसे सांगायची. आम्हाला मात्र ते वाक्य आजही बोचते. तलावाच्या भिंतीवर पुढे एक दगडी पाटी लागली. त्यावर नावे होती. मातीचे एकही टोपले न उचललेल्यांची होती.

बंधू-भगिनींनो, पाण्याचा कागदावरचा मान आणि प्रत्यक्षातला मान यांतला फरक आपल्या समाजाला शिकवावा लागत नाही. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मंजूर झाला, की सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे सर्वांना खुले. महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, पण पाण्याला हात लागला नाही. तो लागला २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले तेव्हा. त्यानंतरही न्यायालयातले भांडण दहा वर्षे चालले आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने निकाल लागला. याच बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री म्हणून दामोदर खोऱ्याची योजना पुढे नेली आणि नदीचा विचार एकेका जिल्ह्यापुरता न करता सबंध खोऱ्याचा करावा, ही दृष्टी देशाला दिली. पाण्याला हात लावण्याचा हक्क आणि अख्ख्या खोऱ्याचा विचार, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून आपल्याला मिळाल्या आहेत. म्हणून पाणलोट हा विषय आपल्या विहारात परका नाही.

आता गौरवाकडे येऊ. पाण्याचे काम करणाऱ्यांचा गौरव महाराष्ट्राने पुष्कळ केला आहे. राळेगणसिद्धीच्या कामासाठी अण्णा हजारे यांना १९९० साली पद्मश्री आणि १९९२ साली पद्मभूषण मिळाले. हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. हे सन्मान योग्यच होते. पुढारी लागतो. रात्री-बेरात्री दहा दारे ठोठावणारा, तालुक्याला खेटे घालणारा माणूस नसेल तर काम उभे राहत नाही. पण माणसाला सन्मान मिळाला की गाव त्याच्या मागे झाकले जाते. २०१६ ते २०१९ अशी चार वर्षे पाणी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धा घेतली, तेव्हा बक्षीस गावाला दिले. पहिल्या वर्षी सातारा जिल्ह्यातले वेळू, दुसऱ्या वर्षी वर्धा जिल्ह्यातले काकडदरा हे आदिवासी वस्तीचे गाव, तिसऱ्या वर्षी माण तालुक्यातले टाकेवाडी. हा बदल चांगला होता. पण गावाला बक्षीस मिळाले म्हणजे वस्तीला पाणी मिळाले, असे आपोआप होत नाही. गाव या शब्दात कोण कोण धरले आहे, हे दर वेळी विचारून घ्यावे लागते.

आम्हाला सर्वांत भावलेला सत्कार राजस्थानातला आहे. अलवर जिल्ह्यात अरवरी नावाची नदी कोरडी पडली होती. तिच्या माथ्यावर भांवता आणि कोल्याला ही जोडगावे. तिथल्या लोकांनी तरुण भारत संघाच्या सोबतीने जोहड, म्हणजे मातीचे छोटे तलाव, बांधायला घेतले. खोऱ्यातल्या इतर गावांनीही तेच केले आणि काही वर्षांत नदी पुन्हा वाहू लागली. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राच्या 'डाऊन टू अर्थ' या नियतकालिकाने जोसेफ सी. जॉन पुरस्कार या गावाला दिला. तो द्यायला गावकऱ्यांना दिल्लीला बोलाविले नाही. मार्च २००० मध्ये भारताचे राष्ट्रपती स्वतः त्या भागात गेले आणि गावकऱ्यांच्या हाती पुरस्कार दिला. ते राष्ट्रपती होते के. आर. नारायणन. केरळातल्या एका खेड्यातल्या गरीब दलित घरात जन्मलेला मुलगा, जो शाळेला मैलोन्‌मैल पायी जात असे, तो राष्ट्रपती होऊन, नदीच्या माथ्यावर राबलेल्या माणसांना नमस्कार करायला त्यांच्या रानात जातो. सत्काराची ही रीत आम्हाला पटते. देणारा उठून गेला आणि घेणारे आपल्याच मातीत उभे राहिले.

आता आपल्या दाराशी येऊ. कळमनुरी तालुक्यातील उमरा येथील उगम ग्रामीण विकास संस्था आणि तिचे जयाजी पाईकराव यांचे नाव आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. कयाधू पुन्हा जिवंत व्हावी म्हणून या मंडळींनी खोऱ्यातल्या गावांत लोकांना जोडण्याचे काम चालविले. २ ऑक्टोबर २०२२ रोजी वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथे राज्य शासनाने 'चला जाणूया नदीला' हे अभियान सुरू केले, त्यात राज्यातल्या अनेक नद्यांबरोबर आपली कयाधूही घेतली गेली. नदीकाठाने पायी फिरणे, गावकऱ्यांशी बोलणे, ओढे कुठे बुजले, गाळ कुठे साचला, सांडपाणी कुठून येते हे डोळ्यांनी पाहणे, अशी या अभियानाची रीत. यात आम्हाला महत्त्वाचे वाटते ते चालणे. नदी चालत पाहणाऱ्या माणसाला वरची वस्तीही दिसते. मोटारीतून पाहणाऱ्याला पूल दिसतो.

मग आपण कुणाचा गौरव करावा? आमच्या डोळ्यांपुढे पाच प्रकारची माणसे आहेत. पहिली, मस्टरवरची. ज्यांनी चर खोदले, बांध रचले, माती वाहिली, त्या बाया आणि ते बापे. दुसरी, शेळ्या राखणारी. माळावर चराईबंदी झाली की गाव म्हणते, वा, छान झाले! पण ज्या विधवेच्या घरी दोन शेळ्यांवर मीठ-मिरची चालते, तिने त्या शेळ्या विकल्या म्हणून माळावर गवत आले. तिच्याइतका त्याग त्या गावात कुणी केला नसेल. तिसरी, दुरुस्ती करणारी. बांध घालताना फोटो निघतात. तिसऱ्या पावसाळ्यात बांधाला भगदाड पडते तेव्हा भर पावसात दगड लावायला जाणारा एखादाच असतो. चौथी, पाणी असून हात आखडता घेणारी. हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिके ठरवितात. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे बंधन गावाने स्वतःवर घातले आहे. आपल्या जिल्ह्यातही एखादा कास्तकार शेजाऱ्याची विहीर आटू नये म्हणून स्वतःची मोटार वेळेवर बंद करीत असेल. त्याची जात विचारू नका, त्यालाही बोलवा. आणि पाचवी, बचत गटाच्या बाया. गटाच्या बैठकीत पाण्याचा विषय काढायचा, ग्रामसभेत उभे राहून बोलायचे, याला धाडस लागते.

कुणी म्हणेल, अहो, पाण्याच्या चांगल्या कामात कशाला वर आणि खाली, वस्ती आणि गाव आणता? पाणी सर्वांचे आहे. आम्हालाही तसेच वाटते. पाणी सर्वांचे आहे, म्हणूनच वाटा सर्वांचा असला पाहिजे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेले भांडण आपण सर्वांनी ऐकले आहे. वरचे आणि खालचे एकमेकांशी न बोलता पाणी वापरू लागले की भांडण ठरलेलेच. बोलून, वाटा ठरवून वापरले तर तेच पाणी नाते जोडते. आणि हे नुसते बोलणे नाही. असे करून दाखविलेले आहे.

पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. साळुंखे हे पुण्याचे अभियंते आणि कारखानदार. त्यांनी नियम असा केला, की पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे आणि घराला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. ज्याला जमीन नाही, त्यालाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येणार नाही. विचार करा, भूमिहीन माणसाच्या नावावर पाणी! आमच्या मायला हे सांगितले असते, तर तिने विश्वास ठेवला नसता.

दुसरे उदाहरण हरियाणातले. चंदीगड शहरात सुखना नावाचे मोठे तळे आहे, १९५८ साली बांधलेले. काही वर्षांतच ते गाळाने भरू लागले. शोध घेतला तेव्हा कळले, की गाळ येतो वरच्या टेकड्यांवरून, आणि तिथे सुखोमाजरी नावाचे गरीब गाव शेळ्या चारून जगते. शहराने पोलीस पाठवून शेळ्या हाकलल्या असत्या, तर चार दिवसांनी त्या परत आल्या असत्या. पी. आर. मिश्र नावाच्या मृदशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात वेगळी वाट धरली. टेकडीच्या पायथ्याशी छोटे बंधारे बांधले आणि त्यातले पाणी गावातल्या प्रत्येक घराला सारखे ठरविले. जमीन असो वा नसो. ज्याला शेत नव्हते, तो आपल्या वाट्याचे पाणी दुसऱ्याला देऊन मोबदला घेऊ शकत होता. टेकडीवरचे गवत कापण्याचा हक्कही गावालाच. मग चराईबंदीसाठी कुंपण लागले नाही, शिपाई लागला नाही. लोकांनी आपण होऊन टेकडी राखली. गवत आले, झाडे आली, गाळ कमी झाला. आम्हाला वाटते, माथ्यावरच्या माणसाचा खरा सत्कार तो हाच. त्याच्या हातात त्याच्या कष्टाच्या पाण्याचा वाटा द्या, तो टेकडी स्वतःच्या लेकरासारखी जपेल.

आता आपण काय करावे, ते सांगून आम्ही आटोपते घेतो. २०१६ साली केंद्र सरकारने १४ एप्रिल हा दिवस जलदिन म्हणून पाळण्याचे जाहीर केले. बाबासाहेबांच्या जयंतीचा दिवस. त्या दिवशी आपण मिरवणूक काढतो, भीमगीते लावतो, ते सर्व होऊ द्या. पण सकाळी वंदना झाल्यावर एक तास पाण्यासाठी काढावा, अशी आमची सूचना आहे.

विहारात एक नोंदवही ठेवा. आपल्या ज्या ज्या घरांची मुळे खेड्यात आहेत, त्यांनी आपापल्या गावच्या तलावावर, बांधावर, चरावर कोण राबले, त्यांची नावे लिहून द्यावीत. म्हातारी माणसे आहेत तोवर विचारून घ्या. 'अमक्याची बायको' असे लिहू नका. तिचे नाव लिहा. जयंतीच्या सकाळी ती नावे मोठ्याने वाचा. हयात असेल तिला बोलवा, पुढच्या रांगेत बसवा. जिला येणे होत नाही, तिच्या दारी आपण जाऊ. राष्ट्रपती जाऊ शकतात, तर आपल्याला काय झाले?

दुसरे, आमच्या तरुण मित्रांनी आपापल्या गावातल्या विहिरींचे पाणी मोजावे. दोरीला दगड बांधा, गाठी मारा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, उन्हाळा लागताना एकदा पातळी लिहून ठेवा. खालच्या विहिरीची लिहा आणि वस्तीच्या विहिरीचीही लिहा. त्या दोन आकड्यांतला फरक घेऊन ग्रामसभेत उभे राहा. रडून-ओरडून जे होत नाही, ते कधी कधी आकड्यांनी होते.

तिसरे, ग्रामसभेत मागायचे ते नेमके मागा. पाणलोटाच्या कामात पहिले पाणी वस्तीच्या पिण्याचे, मग शेतीचे. वस्ती वरच्या अंगाला असेल तर खालून नळाने वर पाणी आणण्याचा खर्च त्या योजनेतच धरा. चराईबंदी केलेल्या गायरानातले गवत कापून नेण्याचा पहिला हक्क शेळ्या सोडणाऱ्यांना. तलावातली मासळी भूमिहीनांच्या गटाला. तलावातला गाळ काढाल, तेव्हा तो बरड जमीन असणाऱ्याच्या रानातही पडला पाहिजे. यातली एकही मागणी कुणाच्या ताटातले काढून घेणारी नाही. उलट, ज्यांच्या हाती माथा आहे ते समाधानी असतील, तर पायथ्याच्या विहिरीही टिकतील.

आणि चौथे, थोडे आपल्या स्वतःकडे बघू. आपण नोकरीधंद्यासाठी शहरात आलो. घरे बांधली, अंगणात बोअर घेतले. टाकी भरून वाहते तरी मोटार बंद करायला कुणी उठत नाही. ज्या मायने घागरभर पाण्यासाठी विहिरीच्या काठाखाली उभे राहून वाट पाहिली, तिच्याच नातवाच्या घरासमोर पाण्याचा लोट वाहतो. विहाराच्या छपरावरचे पाणी आपण बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडले, तर वर्धापनदिनाचे याहून चांगले काम नाही. पत्र्याचा, पाइपाचा, खड्ड्यातल्या दगड-वाळूचा खर्च फार नाही. हात आपले आहेतच. माती वाहण्याचा आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव आहे.

आमची माय आता नाही. तो पाझर तलाव आहे. गाळाने अर्धा भरला आहे, तरी पावसाळ्यात पाणी धरतो. मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा भिंतीवरून चालत टोकापर्यंत गेलो. पाटीवरची अक्षरे पुसट झाली आहेत, वाचता येत नाहीत. भिंत मात्र शाबूत आहे. आपल्या नोंदवहीत पहिले नाव आम्ही तिचे लिहून देणार आहोत. दुसरे, तिसरे, शंभरावे नाव तुम्ही द्यायचे आहे.

 

जयभीम! नमो बुद्धाय!